राष्ट्राध्यक्षांची तब्येत आणि लोकांचा विश्वास



एरवी आपण इथे रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी अशा विषयांवर बोलतो. आजही रक्तदाब आहे, पक्षाघात आहे, कॅन्सरही आहे. फक्त आजचे पेशंट माझे नाहीत. ते सगळे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, तुम्ही राजकारणात कुठे शिरलात? सांगतो. माझ्याकडे नियमित येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत. तिकडून मोबाईलवर येणारं सगळं त्यांच्याबरोबर माझ्या केबिनमध्ये येतं. 'ट्रम्प यांच्या पायाला सूज आहे, काहीतरी मोठं लपवताहेत.' 'बायडेन यांचा कॅन्सर म्हणे पाच-दहा वर्षांपासूनचा, मुद्दाम सांगितला नाही.' मी बीपीचा पट्टा गुंडाळत असतो आणि समोरून प्रश्न येतो, "डॉक्टर, तुम्हीच सांगा, यातलं खरं काय?"

न तपासलेल्या पेशंटबद्दल डॉक्टरने अंदाज सांगू नये, म्हणून त्या प्रश्नाला मी केबिनमध्ये उत्तर देत नाही. पण त्याच्या मागे दुसरा एक प्रश्न आहे: सरकारी डॉक्टरने सही करून दिलेल्या निवेदनावर इतक्या लोकांचा विश्वास का बसत नाही? त्याचं उत्तर मात्र देता येतं, कारण त्याची जुनी केस हिस्टरी उपलब्ध आहे.

आधी रिपोर्ट पाहू

अमेरिकेत १९५८ पासून लोकांना एक प्रश्न विचारला जातो: वॉशिंग्टनमधलं सरकार नेहमी किंवा बहुतेक वेळा योग्य तेच करेल असा भरवसा तुम्हाला वाटतो का? तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश लोक 'हो' म्हणाले. १९६४ मध्ये हे प्रमाण ७७ टक्के होतं. मग व्हिएतनामचं युद्ध आलं, वॉटरगेट आलं, आणि निक्सन यांनी राजीनामा दिला त्या १९७४ सालापर्यंत ते ३६ टक्क्यांवर घसरलं. गेली बरीच वर्षं ते २० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतं आहे.

माध्यमांचंही तेच. वर्तमानपत्रं, टीव्ही, रेडिओ बातम्या पूर्ण आणि अचूक देतात असं गॅलपच्या पाहणीत १९७२ मध्ये ६८ टक्के लोकांना वाटत होतं. २०२५ मध्ये तो आकडा २८ वर आला.

आता, हे सगळं राष्ट्राध्यक्षांच्या आजारपणामुळे झालं असं मी म्हणत नाही. युद्धं, घोटाळे, महागाई, पक्षांमधलं वैर अशी कारणं कितीतरी आहेत. पण आजारपणाच्या गोष्टींचा एक फायदा आहे. अधिकारी, डॉक्टर आणि पत्रकार हे तिघेही त्यात एका खोलीत दिसतात. शिवाय वर्षांनी कागद बाहेर येतात, तेव्हा कोण खरं बोललं होतं तेही कळतं.

केस पहिली: टाळूवरचा खरबरीतपणा, १८९३

ग्रोव्हर क्लीव्हलंड दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेत मोठी आर्थिक घबराट होती. बँका बुडत होत्या. त्याच सुमारास त्यांना वरच्या जबड्यात, टाळूवर खरबरीत काहीतरी जाणवलं. डॉक्टरांनी पाहिलं, तुकडा तपासला. कॅन्सरचा संशय होता. ही बातमी फुटली तर बाजार आणखी कोसळेल, म्हणून ठरलं की कुणाला काही सांगायचं नाही.

१ जुलै १८९३ रोजी न्यूयॉर्कजवळच्या पाण्यात एका मित्राच्या 'ओनायडा' नावाच्या यॉटवर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डाव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा भाग तोंडातूनच काढला. बाहेर एकही टाका दिसला नाही, मिशीलाही धक्का लागला नाही. नंतर पोकळीत रबराचा साचा बसवला आणि राष्ट्राध्यक्ष पूर्वीसारखे बोलू लागले. शस्त्रक्रिया म्हणून पाहिलं तर त्या काळी ही अचाट कामगिरी होती. लोकांना सांगितलं गेलं ते एवढंच: दात काढले आहेत, थोडा संधिवात आहे.

ऑगस्टच्या अखेरीस ई. जे. एडवर्ड्स या पत्रकाराने फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात सगळी हकिकत छापली. भूल देण्यासाठी यॉटवर असलेल्या दंतवैद्याकडून ती बाहेर आली होती. बातमी तपशीलवार होती आणि जवळजवळ सगळी खरी होती. तरीही सरकारच्या बाजूने साफ इन्कार झाला. दुसऱ्या वर्तमानपत्रांनी एडवर्ड्सलाच खोटारडा ठरवलं.

१९१७ साली, म्हणजे २४ वर्षांनी, ऑपरेशनमध्ये असलेले डॉ. विल्यम कीन यांनी स्वतः लेख लिहून सगळं सांगितलं. तोपर्यंत क्लीव्हलंड वारले होते. एडवर्ड्स हयात होते, पण चोवीस वर्षं त्यांच्या नावावर खोटं छापल्याचा डाग राहिला होता.

या केसमधलं निदान लक्षात ठेवा. सरकारने लपवलं, डॉक्टर गप्प राहिले, आणि खरं छापणाऱ्या पत्रकारावर बाकीच्या पत्रकारांनीच चिखल उडवला. पेशंट मात्र बरा झाला. त्यामुळे 'लपवून चाललं की!' हा धडा पुढच्यांनी घेतला.

केस दुसरी: डावी बाजू लुळी, १९१९

पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा करार आणि राष्ट्रसंघ लोकांच्या गळी उतरवण्यासाठी वुड्रो विल्सन देशभर दौरा करत होते. सप्टेंबर १९१९ मध्ये कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावी त्यांची तब्येत ढासळली. वॉशिंग्टनला परतल्यावर २ ऑक्टोबरला त्यांना मोठा पक्षाघात झाला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली.

त्यांचे डॉक्टर होते केरी ग्रेसन, नौदलातले अधिकारी. त्यांनी लोकांना सांगितलं की राष्ट्राध्यक्षांना अतिश्रमामुळे थकवा आला आहे. पक्षाघात हा शब्द त्यांच्या निवेदनांत नव्हता. पत्नी एडिथ विल्सन दारात उभ्या राहिल्या. कोणता कागद आत जाईल, कोण भेटेल, हे त्या ठरवू लागल्या. डिसेंबरमध्ये दोन सिनेटर खात्री करायला आले, तेव्हा विल्सन यांचा लुळा हात पांघरुणाखाली ठेवून भेट उरकली गेली.

इथे थोडं शरीरशास्त्र. डावी बाजू लुळी म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागाला. अशा पक्षाघातात बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं, त्यामुळे पाहुण्याला वाटतं, माणूस ठीक आहे. पण काही पेशंटना आपल्यात काही कमी आहे याचीच जाणीव राहत नाही. हात हलत नसतो आणि पेशंट म्हणतो, 'मला काय झालंय? मी चालत घरी जातो.' माझ्या वाचकांपैकी ज्यांनी घरी असा पेशंट सांभाळला आहे त्यांना हे लगेच पटेल. निर्णयांत हट्टीपणा येतो, समोरच्याचं ऐकून घेणं कमी होतं.

विल्सन यांनी करारात तडजोड नाकारली. सिनेटने तो आधी नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये फेटाळला. अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही. आजाराचा त्यात वाटा किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण देशाचा सगळ्यात मोठा निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मेंदूला इजा झाली आहे, हे ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांना माहीत नव्हतं. एवढं पुरेसं आहे.

केस तिसरी: १८६/१०८

हा आकडा माझ्या ओपीडीत आला तर मी पेशंटला बसवून ठेवतो, पुन्हा मोजतो, गोळ्या सुरू करतो. मार्च १९४४ मध्ये नौदलाच्या बेथेस्डा रुग्णालयात डॉ. हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाला फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दंडावर हा आकडा दिसला. सोबत वाढलेलं हृदय आणि हृदय कमजोर पडल्याची लक्षणं. आजच्यासारख्या रक्तदाबाच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. मीठ कमी, सिगारेट कमी, विश्रांती आणि डिजिटॅलिस, एवढंच हातात होतं.

त्यांचे मुख्य डॉक्टर रॉस मॅकिन्टायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. ते वर्तमानपत्रांना सांगत राहिले की वयाच्या मानाने राष्ट्राध्यक्षांची प्रकृती उत्तम आहे. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचा रक्तदाब ३०० च्या वर गेला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. जागतिक युद्ध चालू होतं. उपराष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना अणुबाँबच्या कामाची धड माहितीही दिलेली नव्हती, आणि त्या संध्याकाळी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

डॉ. ब्रून यांनी आपल्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात छापल्या त्या १९७० साली. रूझवेल्ट यांची रुग्णालयातली मूळ फाईल मात्र गहाळ झाली.

१९७० च्या आसपासचा काळ लक्षात घ्या. त्याच सुमारास व्हिएतनामची गुप्त कागदपत्रं बाहेर आली आणि पाठोपाठ वॉटरगेट. नव्या खोट्याबरोबर जुनंही उघडं पडत होतं. विश्वास असाच जातो. आजचं एक खोटं सापडलं की माणूस मागची सगळी पानं उलटून बघतो.

पण मग लपवतात तरी का?

प्रत्येक वेळी हेतू वाईट असतो असं नाही, आणि आपल्याला हे समजणं अवघड जाऊ नये. माझ्या केबिनमध्ये आठवड्यातून एकदा तरी असं होतं. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो. मुलगा किंवा सून आधी आत येते, दार लोटते आणि हळू आवाजात म्हणते, "डॉक्टर, बाबांना सांगू नका हं. ते खचतील."

यात प्रेमच असतं. 'बाजार कोसळेल', 'देश घाबरेल', 'शत्रूला कळेल' ही त्याच वाक्याची मोठी रूपं आहेत.

पण त्याची किंमत कोण भरतं, तेही मी पाहिलं आहे. माझे एक पेशंट होते, निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीला पोटाचा कॅन्सर झाला होता. दुसऱ्या गावी उपचार चालू होते. मुलांनी आणि तिथल्या डॉक्टरांनी मिळून दोघांनाही 'अल्सर आहे' असं सांगितलं. शेवटच्या महिन्यात गुरुजींना कळलं. त्यानंतर दोन वर्षांनी ते स्वतः पोटदुखी घेऊन माझ्याकडे आले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, बाकी सगळं स्वच्छ. मी फिल्म समोर धरून समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही भले आहात. पण हिलाही असंच समजावून सांगितलं होतं."

त्यांनी तीन ठिकाणी तपासणी केली. तिन्हीकडे खडेच निघाले. तरी ऑपरेशनला ते तयार झाले नाहीत, कारण ऑपरेशन 'खड्यांचं' असेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. शेवटी पित्ताशयाला सूज येऊन ताप चढला, तेव्हा घाईने दाखल करावं लागलं. ते वाचले. पण जे ऑपरेशन दोन दिवसांत उरकलं असतं, त्यासाठी बारा दिवस रुग्णालयात गेले.

मला वाटतं, अमेरिकन जनतेचं असंच झालं आहे. पूर्वी एकदा 'अल्सर' सांगितला गेला होता. आता खरोखर खडे असले तरी पटत नाहीत.

लपवण्याची आणखी दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, खरं सांगणाऱ्याला शिक्षा होते. १९७२ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टॉम ईगल्टन यांनी नैराश्यासाठी रुग्णालयात उपचार आणि विजेचे शॉक घेतल्याचं मान्य केलं. काही दिवसांत त्यांना उमेदवारी सोडावी लागली. बाकीच्या पुढाऱ्यांनी यातून काय शिकायचं? प्रामाणिक उत्तराला दगड मारणाऱ्या लोकांना प्रामाणिक उत्तरं मिळत नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

दुसरं कारण डॉक्टरचं. राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर बहुधा लष्करातले असतात, आणि राष्ट्राध्यक्ष हे लष्कराचे सर्वोच्च प्रमुख. म्हणजे पेशंट हाच साहेब! त्यात पेशंटची गुप्तता पाळणं हे डॉक्टरचं कर्तव्य, आणि राष्ट्राध्यक्षांनी आपले वैद्यकीय रिपोर्ट जाहीर करावेत असा अमेरिकेत कायदा नाही. मग डॉक्टर तेवढंच बोलणार जेवढं साहेब बोलू देतील. अडचण तिथेही नाही. 'याबद्दल मी बोलू शकत नाही' असं म्हणणारा डॉक्टर गुप्तता पाळतो. 'सगळं उत्तम आहे' असं म्हणणारा, तसं नसताना, खोटं बोलतो. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

एक उलटी केस: १९५५

आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर इथे हृदयविकाराचा झटका आला. पहिले काही तास पत्रकारांना सांगितलं गेलं की पोट बिघडलं आहे. जुनीच सवय! पण त्याच दिवशी भूमिका बदलली. झटका आल्याचं जाहीर झालं, आणि बोस्टनचे नामवंत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांना बोलावलं गेलं. त्यांनी पत्रकारांसमोर बसून हृदयविकाराचा झटका म्हणजे काय, रक्तवाहिनीत काय होतं, बरं व्हायला किती दिवस लागतात हे साध्या भाषेत सांगितलं. राष्ट्राध्यक्षांना शौचाला साफ झाली, इथपर्यंत सांगितलं! लोक हसले, पण त्यांना कळलं.

सोमवारी शेअर बाजार जोरात पडला. म्हणजे ज्याची भीती क्लीव्हलंड यांच्या माणसांना होती ते प्रत्यक्ष घडलं. पण आभाळ कोसळलं नाही. बाजार सावरला, राष्ट्राध्यक्ष सावरले, आणि १९५६ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा मोठ्या फरकाने निवडून दिलं. हृदयाचा झटका आलेला माणूस पुन्हा कामाला लागू शकतो, हे लाखो सामान्य पेशंटना त्यातून समजलं, हा आणखी एक फायदा.

लोक वाईट बातमी पचवू शकतात. त्यांना ती वेळेवर आणि त्यांच्या भाषेत सांगावी लागते.

आजची परिस्थिती

हा धडा टिकला नाही. केनेडी यांना ॲडिसन्स हा अधिवृक्क ग्रंथींचा आजार होता, आणि १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या माणसांनी तो नाकारला. पूर्ण कागद इतिहासकारापुढे आले ते २००२ मध्ये.

ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांना कोविड झाला. त्यांना ऑक्सिजन दिला का, या साध्या प्रश्नावर त्यांचे डॉक्टर शॉन कॉनली यांनी पहिल्या दिवशी सरळ उत्तर टाळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑक्सिजन खाली गेला होता हे मान्य केलं, आणि वातावरण आशादायक ठेवण्याचा प्रयत्न होता असं कारण दिलं. आशा देणं हे डॉक्टरचं काम आहेच. पण ती आकड्यांच्या सोबत द्यायची असते, आकड्यांच्या जागी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडेन यांच्या डॉक्टरांनी ते कामासाठी सक्षम असल्याचा अहवाल दिला. २७ जूनच्या वादविवादात कोट्यवधी लोकांनी त्यांना अडखळताना, वाक्य हरवताना पाहिलं. २१ जुलैला ते शर्यतीतून बाहेर पडले. आतल्या लोकांना काय माहीत होतं आणि पत्रकारांनी आधी का विचारलं नाही, हा वाद अजून मिटलेला नाही.

मग मे २०२५ मध्ये बायडेन यांना हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं जाहीर झालं, आणि लगेच गुरुजींचं वाक्य देशभर ऐकू आलं: हे आधीपासून माहीत असणार! वैद्यकीय बाजू सांगतो. या वयात पीएसए ही रक्ततपासणी सरसकट करू नये असाच तिथला सल्ला आहे. सत्तरीनंतर तिचा फायदा कमी आणि त्रास जास्त असतो. त्यांची शेवटची ज्ञात पीएसए तपासणी २०१४ मधली होती, असं त्यांच्या कार्यालयाने सांगितलं. काही प्रोस्टेट कॅन्सर वेगाने वाढतात आणि पसरल्यावरच सापडतात. माझ्याही ओपीडीत असे पेशंट येतात. म्हणजे हे खरं असू शकतं. पण अर्ध्या देशाला ते ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या बाजूलाही हेच. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या सुजलेल्या घोट्यांचे फोटो फिरल्यावर व्हाइट हाऊसने सांगितलं की त्यांना पायांच्या शिरांचा जुनाट त्रास आहे. शिरांमधल्या झडपा सैल झाल्या की रक्त वर चढायला वेळ लागतो आणि संध्याकाळी पाय सुजतात. सत्तरीपुढे हा अगदी नेहमीचा त्रास आहे. यावरही विश्वास न ठेवणारे ठेवले नाहीतच. ऑगस्टच्या शेवटी तर ते चार दिवस फारसे दिसले नाहीत म्हणून वारल्याची अफवा पसरली.

गंमत बघा, बायडेन यांच्या बाबतीत जे शंका घेत होते ते ट्रम्प यांच्या निवेदनावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि त्यांच्या बाबतीत जे विश्वासू होते ते आता शंकेखोर झालेत. त्याला मी शंका म्हणत नाही. शंका घेणारा दोन्हीकडे सारखाच प्रश्न विचारतो.

मग आपण काय करायचं?

कोणत्याही मोठ्या माणसाच्या तब्येतीची बातमी आली, अमेरिकेतली असो वा इथली, तर मी स्वतः या गोष्टी पाहतो:

१. निवेदनात आकडे आहेत की विशेषणं? 'रक्तदाब १२८/७४' ही माहिती झाली. 'प्रकृती उत्कृष्ट' हे मत झालं.

२. सही कुणाची? प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरची, की प्रवक्त्याची?

३. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं का? 'ऑक्सिजन दिला का?' याचं उत्तर 'आज ते आनंदात आहेत' असं आलं, तर तिथे पेन्सिलीने खूण करा.

४. उलट बाजूची बातमीही याच मापाने मोजा. एडवर्ड्सच्या बातमीत तारीख होती, जागा होती, डॉक्टरांची नावं होती. 'आतल्या गोटातून कळलं' एवढंच असलेला फॉरवर्ड आणि तपशील देणारा पत्रकार यांना एका तागडीत टाकू नका.

५. पूर्वी लपवलं होतं, यावरून आजही लपवलंय हे सिद्ध होत नाही. त्याने फक्त तपासणी जास्त काळजीपूर्वक करायची गरज सिद्ध होते.

पाचवा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेल्या केसेसमधलं सत्य शेवटी बाहेर कुणी आणलं? एका पत्रकाराने, ऑपरेशनमधल्या एका डॉक्टरने, एका हृदयरोगतज्ज्ञाने जपलेल्या नोंदींनी, कागदांत डोकं घालून बसलेल्या एका इतिहासकाराने. म्हणजे त्याच माध्यमांतली, त्याच रुग्णालयांतली, त्याच संस्थांमधली माणसं. 'सगळेच खोटारडे' असं एकदा म्हटलं की लपवणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. तो तसाही खोटारडाच ठरलेला असतो. नुकसान एडवर्ड्सचं होतं, कारण त्याचं खरंही मग कुणी ऐकत नाही.

घरातल्या आजारपणाबद्दलही एक विनंती. 'बाबांना सांगू नका' असं मला कुणी म्हटलं, की मी दोन गोष्टी सांगतो. ते जेवढं विचारतील तेवढंच मी सांगेन, त्यांच्या गतीने, त्यांना झेपेल तसं. आणि त्यांनी थेट विचारलं तर खोटं सांगणार नाही. बहुतेक घरं थोडी नाराज होतात, मग तयार होतात. पुढचे सहा महिने औषधं, तपासण्या, दुष्परिणाम या सगळ्यात त्या पेशंटने माझ्या शब्दावर चालायचं असतं. तो शब्द पहिल्याच दिवशी खर्च करून टाकला, तर पुढे वापरायला माझ्याकडे दुसरं औषध नाही.

तुमच्या घरात असा प्रसंग आला असेल, सांगावं की नाही यावर घरात मतभेद झाले असतील, तर जरूर लिहा. नाव-गाव न देता त्यावर पुढच्या लेखात बोलू. आणि हो, ज्यांचे घोटे संध्याकाळी सुजतात त्यांनी घाबरून जाऊ नका, पण एकदा तपासून मात्र घ्या.